सतरा तारखेचा मान

“‘पोपसाहेबांच्या बाबतीत का म्हणून विचारायचं नसतं.’ हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, फादर?”

फादर कैतान यांनी वर पाहिलं नाही. ते एक तुटलेली जपमाळ ओवत होते.

“बस.”

“बसायला नाही आले मी.”

“बरं. उभी राहा.”

जसिंता उभी राहिली. आणि उभं राहिल्यावर करायचं काय, हे न सुचल्यामुळे तिचा राग आणखी वाढला.

फादर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत काढली, आणि म्हातारपणी ते वसईला, आपल्या गावच्या चर्चमागच्या एका खोलीत येऊन राहिले. आता त्यांना काम एकच. गावभरच्या तुटक्या जपमाळा बिस्किटांच्या एका डब्यात येऊन पडत. त्या ओवायच्या आणि ज्याच्या त्याला परत करायच्या. जसिंताला धर्मशिक्षण त्यांनीच दिलं होतं. फार प्रश्न विचारते म्हणून बाकीच्या शिक्षिका तिला मागच्या बाकावर पाठवत. फादर तिला पहिल्या बाकावर बोलवत. पुढे ती इतिहासात एम. ए. झाली, पण प्रश्न विचारायचे झाले की पाय अजून याच खोलीकडे वळत.

“इनासकाका आले होते सकाळी,” ती म्हणाली. “आळीचे मुकादम म्हणून. काका म्हणून नाही.”

“चहा घेतला?”

“घेतला. दोनदा. आणि मग सांगितलं की आमचा मान काढून घेतला.”

आता फादरांचा हात थांबला.

त्यांच्या आळीत एकतीस घरं. मे महिन्याचे दिवसही एकतीस. पणज्यांच्या काळापासून मे महिन्यात रोज संध्याकाळी आळीच्या क्रूसापाशी जपमाळ व्हायची, आणि रोज एका घराचा मान. त्या दिवशी त्या घराने क्रूसाला फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या, जपमाळ चालवायची आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. क्रूसाशेजारी एक फळा होता. त्यावर एकतीस नावं. सतरावं नाव पास्कोल आंतोन तुस्कानो, जसिंताचे वडील.

पास्कोल फेब्रुवारीत वारला.

“नाव पुसणार म्हणतात,” जसिंता म्हणाली. “परवा रंगाचा डबा घेऊनच येणार आहेत. आईने शेवटची प्रार्थना सगळ्यांपुढे, मोठ्याने म्हटली तर नाव राहील. नाही म्हटली तर सतरा तारीख दुमिंगच्या घराला, त्यांच्या स्वतःच्या दिवसावर आणखी एक.”

“शेवटची म्हणजे…”

“तीच. ‘ख्रिस्तसभेचे मस्तक जे पोपसाहेब, त्यांच्यासाठी.’”

जसिंताची आई सुवार्ता ही नगरकडची, ओहोळांची लेक. प्रोटेस्टंट घर, आजोबा चाळीस वर्षं खेडोपाडी सायकलवरून उपदेश करत हिंडलेले. लग्न होऊन वसईत आली त्याला तीस वर्षं झाली. ती चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला येई, शेवटच्या बाकावर बसे. जपमाळेला येई, ‘नमो मरिये’सुद्धा म्हणायला शिकली. पण शेवटची ती एक प्रार्थना तिने कधी म्हटली नाही. म्हणायची गरजही पडली नव्हती. मानाच्या दिवशी पास्कोल जपमाळ चालवायचा, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्या आळीतली कुत्री भुंकायची. त्या आवाजाखाली बायकोचं गप्प राहणं कुणाला ऐकू येणार?

आता तो आवाज नव्हता.

“तुम्ही एक चिठ्ठी द्या, फादर. ही प्रार्थना म्हणण्याची सक्ती नाही म्हणून. तुमचं काका ऐकतील.”

“ऐकेल.”

“मग?”

“हे टोक धर जरा.”

त्यांनी दोऱ्याचं एक टोक तिच्या हाती दिलं. तिने ते धरलं, पण तोंड थांबलं नाही.

“काका काय म्हणतात माहितीये? पोपसाहेब चुकत नाहीत. बास. मी विचारलं, कधीच नाही? तर म्हणे, कधीच नाही.”

“सर्दी झाली तर औषध कुठलं घ्यावं, यात चुकत असतील,” फादर म्हणाले. “खुर्चीवर बसून, सगळ्या ख्रिस्तसभेसाठी, श्रद्धेबद्दल बोलले तर चुकत नाहीत. एवढीच शिकवण आहे. इनासने जरा जास्तच दिलं.”

“आणि सहाशे वर्षांपूर्वी एकाच वेळी तीन पोप होते तेव्हा? तिघेही आपापल्या खुर्चीवर! तेव्हा कुठला चुकत नव्हता?”

“चांगली शिकलीस.”

“आणि पहिलाच घ्या. पेत्र. ज्याच्या हाती चाव्या दिल्या म्हणता. कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी ओळखत नाही त्याला. अशाला चाव्या?”

“तो रडला होता,” फादर म्हणाले.

जसिंता मान झटकून पुढच्या प्रश्नाकडे वळली.

“तुम्ही मानता पोपला?”

“मानतो.”

“का?”

“लहान असताना मानत होतो कारण बापाने सांगितलं. तरुणपणी मानत नव्हतो. आता मानतो.”

“हे काय उत्तर झालं?”

“नाही झालं… तू?”

“मी कॅथलिक आहे. बाप्तिस्मा इथलाच आहे माझा. पण माझ्या डोक्यावर दुसऱ्याचं डोकं नको मला. माझी बुद्धी आहे ना.”

“ती चुकत नाही?”

जसिंताने दोऱ्याचं टोक घट्ट ओढलं.

“म्हणजे आळीत आता दोन पोप झाले,” फादर म्हणाले. “एक इनासचा. एक तुझा. तिसरा मिळाला की झाली सहाशे वर्षांपूर्वीची गत.”

जसिंताने रागाने हात उडवला. दोऱ्याचं टोक सुटलं. एकोणसाठ मणी फरशीवर टणटणत गेले. खाटेखाली, कपाटामागे, मोरीच्या तोंडापर्यंत.

“अरे देवा… सॉरी, फादर.”

“मला वाकता येत नाही.”

ती गुडघ्यांवर बसली आणि मणी गोळा करू लागली. खोली झाडून कितीतरी दिवस झाले असावेत. फादर वरून शांतपणे बघत होते.

“तिथून काय दिसतं?”

“कचरा.”

“आणखी?”

तिने मान वळवली. “तुमचे पाय दिसतात. नखं वाढलीत.”

“उद्या संध्याकाळी क्रूसापाशी जा. जपमाळ म्हणू नकोस. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी तोंडं बघू नकोस कुणाची.”

“मग काय बघू?”

“पाय बघ.”

“आणि चिठ्ठी?”

फादरांनी ओंजळ पुढे केली. तिने मणी त्यांच्या ओंजळीत टाकले. ते एकेक मणी मोजू लागले.

जसिंता तणतणत घरी आली. म्हातारी माणसं अशीच, तिच्या मनात आलं. सरळ विचारलं की वाकडं सांगायचं, आणि वर त्याला ज्ञान म्हणायचं.

स्वयंपाकघरात आई मोठ्या पातेल्यात चणे निवडत होती. पाच किलो तरी असतील.

“हे कशाला?”

“उद्या रात्री भिजत घालायला नकोत? परवा सतरा तारीख.”

“आई, मान काढून घेतलाय आपला.”

“चण्यांना कुठे ठाऊक आहे,” सुवार्ता म्हणाली.

जसिंता तिच्यासमोर बसली. एक खडा तिनेही वेचला.

“म्हणून टाक ना, आई. एक मिनिटाची तर प्रार्थना. बाबांचं नाव राहील.”

तिला वाटलं होतं आई चिडेल. आई चिडली नाही.

“आमचे आजोबा म्हणायचे, मंडळीचं मस्तक एकच. ख्रिस्त. त्यावर दुसरं लावलं की तो मुखवटा. बरोबर असतील, चूक असतील. पण मला ते पटलंय, जसू. जे पटलं नाही ते क्रूसासमोर उभं राहून म्हणू? तुझ्या बाबांनी तीस वर्षांत एकदा म्हटलं नाही मला, म्हण म्हणून.”

“मग मी लढते काकांशी.”

“लढ. पण माझ्यासाठी म्हणून लढू नकोस. मला काही त्रास नाहीये पोपसाहेबांचा.”

“मग कुणाचा आहे?”

“खडे बघ नीट. मागच्या वर्षी दुमिंगच्या आईचा दात पडला होता.”

दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला, मान रुजाय डिमेलोच्या घराचा होता. क्रूसाला मोगऱ्याचे हार घातले होते. बायका पुढे चटयांवर, पुरुष मागे मोकळ्या मातीत, चपला काढून. बाजूला दोन बादल्यांत चणे, खोबरं घालून, वाफाळलेले.

जसिंता कडेला विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तोंड मिटून.

जपमाळेचे पाच टप्पे, पाच रहस्यं, झाली. मग रुजायने घसा खाकरला आणि एका दमात सुरू केलं, “ख्रिस्तसभेचे मस्तक जे पोपसाहेब…”

जसिंताने खाली पाहिलं.

आधी तिला काही कळेना. मग दिसलं. पाय हलत होते. अंगठे चपलांचे पट्टे शोधत होते. कुणाची टाच आत गेली होती, कुणाची जाऊ बघत होती. गुडघे केव्हाच उठले होते, झटकले जात होते. पोरांचे पाय तर बादल्यांकडे धावत सुटले होते. इनासकाकांचे काळे बूट, तेही घातलेले, बादल्यांच्याच दिशेला वळलेले. वरती सगळी आळी खड्या आवाजात प्रार्थना म्हणत होती. खाली सगळी आळी निघालेली होती.

एकच जोडी हलली नव्हती. पुढच्या चटईच्या टोकाला दोन तळवे वर झालेले, भेगाळलेले. कुणीतरी अजून गुडघ्यांवर होतं, कपाळ जमिनीला टेकून, गप्प.

ते तळवे जसिंताच्या ओळखीचे होते. लहानपणी ताप आला की त्या पायांवर डोकं ठेवून ती झोपायची.

चणे न घेताच ती घरी गेली. आई आल्यावर तिने दारातच विचारलं, “सगळे पोपसाहेबांसाठी म्हणत असतात तेव्हा तू काय करतेस?”

“काय करणार. त्यांच्यासाठीच प्रार्थना करते.”

“तू? पोपसाठी?”

“म्हातारा माणूस आहे. एवढं मोठं ओझं घेऊन बसलाय, आणि सगळे म्हणतात तो चुकत नाही. कुणी त्याच्यासाठी करत असेल का गं मनापासून?” सुवार्ताने पदराने कपाळाची माती पुसली. “चणे भिजत घालू ये.”

सतरा तारखेला आळीत नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. भांडण बघायला माणसं मिस्सेपेक्षा वेळेवर येतात.

फादर कैतान रिक्षाने आले. त्यांना पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. इनास मुकादम फळ्यापाशी उभे होते, पांढरी पँट, काळे बूट. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. त्यांच्यासोबत आळीतली चार वडीलधारी माणसं.

सुवार्ताने क्रूसाला हार घातला. जसिंताने चण्यांचं पातेलं आणून ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं.

“वहिनी,” इनास म्हणाले, “आजचं काय ठरलं?”

“जपमाळ चालवीन. चणे वाटीन. ते नाही म्हणणार.”

“पास्कोलच्या नावासाठीसुद्धा नाही?”

“पास्कोलला माहीत होतं.”

वडीलधारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. इनास वाईट माणूस नव्हते. पास्कोलच्या शवपेटीला त्यांनीच पहिला खांदा दिला होता. त्यांनी आवाज खाली आणला.

“असं करू. जपमाळ वहिनी चालवतील. शेवटची प्रार्थना जसिंता म्हणेल. ती तर आमचीच पोर आहे. इथेच बाप्तिस्मा झालाय. नियम राहील, नाव राहील, कुणाचं मन मोडायला नको. काय, बाय?”

सगळी आळी जसिंताकडे वळली. मधला मार्ग होता. सोपा होता. ती प्रार्थना तिला तोंडपाठ होती. झोपेतसुद्धा म्हणता आली असती.

तिने फादरांकडे पाहिलं. फादर खिशातली एक जपमाळ चाचपत होते.

“आधी जपमाळ होऊ द्या,” ती म्हणाली.

सुवार्ताने सुरुवात केली. तिच्या बोलण्यातला नगरी हेल तीस वर्षांत गेला नव्हता, आणि आज तो पहिल्यांदाच आळीने एवढा वेळ ऐकला. पाच रहस्यं झाली. ती थांबली.

सुवार्ताने कपाळ जमिनीला टेकवलं.

“हं, जसिंता,” इनास म्हणाले.

मागे चपला सरकल्याचा आवाज आला.

जसिंता उठली. पातेल्यापाशी गेली, आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

“नाही म्हणणार.”

“काय?”

“मी नाही म्हणणार, काका.”

“तूसुद्धा? तू काय प्रोटेस्टंट झालीस?”

“मी काय झाले ते माझं मी बघीन. पोपसाहेबांना मानायचं की नाही, किती मानायचं, हे मला अजून ठरवायचंय. ठरलं की सांगीन, आणि तुम्हाला आवडेल असं नाही. आईने तिचं ठरवलंय. पण तिच्या गप्प राहण्यावर पांघरूण घालायला बाबा होते. मी घालणार नाही.”

“मोठ्यांपुढे कसं बोलावं, हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं,” एक म्हातारा पुटपुटला.

“नाही शिकवत, बाबा. उभं कसं राहावं ते शिकवतात. आणि उभं राहण्यावरून आठवलं…” तिने बोट खाली केलं. “पाय बघा. सगळ्यांनी आपापले पाय बघा.”

बघायचं नसतानाही माणूस अशा वेळी बघतोच. सगळ्यांनी खाली पाहिलं. अर्ध्या चपला चढल्या होत्या. कुणाचा उजवा पाय डाव्या चपलेत होता.

“पोपसाहेब मस्तक. बरं. मग मस्तकाची प्रार्थना चपला चढवून? चण्यांकडे तोंड करून? सगळ्या आळीत या प्रार्थनेला गुडघ्यांवर राहते ती एकटी बाई, आणि तिचंच नाव फळ्यावरून पुसणार तुम्ही?”

“तिचं नाही, पास्कोलचं…” इनास म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते बरं वाटलं नसावं.

“आज आमचा मान आहे. आमच्या घरात आता ही प्रार्थना मोठ्याने म्हणत नाहीत. काय म्हणायचं ते ज्याने त्याने मनात म्हणा. पोपसाहेबांना मस्तक म्हणा, भाऊ म्हणा, म्हातारा माणूस म्हणा. पण ती होईपर्यंत हे झाकण निघणार नाही.”

एवढं बोलून ती आईशेजारी जाऊन मातीत गुडघ्यांवर बसली. सुवार्ताचं कपाळ आधीच टेकलेलं होतं.

हसणारी पोरं हसायची थांबली. कुणीतरी हळूच चप्पल काढली. मग आणखी कुणीतरी. चटया कुरकुरल्या. वाऱ्याने दोन मेणबत्त्या विझल्या. त्या लावायलाही कुणी उठलं नाही. वडीलधारी माणसं बराच वेळ तशीच उभी होती… मग त्यांच्यातला एक काठीवर भार देत खाली बसला. दुसरा बसला. शेवटी फळ्यापाशी कुणाचे तरी जुने गुडघे कडकन वाजले.

किती वेळ गेला, कुणी मोजला नाही. चण्यांची वाफ मात्र निघून गेली.

मग माणसं उठली. जसिंताने झाकण काढलं. इनास मुकादमही फळ्याच्या आधाराने उठले. हातात ब्रश होता. रंगाच्या डब्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

ते फादर कैतान यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“फादर, तुम्ही साक्षीला आहात. माझ्या देखत साठ वर्षांत असं झालं नव्हतं. आज पोपसाहेबांची प्रार्थना राहिली.”

“राहिली?…”

फादर थोडे पुढे वाकले. त्यांना वाकता येत नव्हतं, तरी वाकले. मुकादमांच्या पांढऱ्या पँटकडे त्यांनी नीट पाहिलं.

“मग तुझ्या गुडघ्यांना ही माती कसली, इनास?”